विश्लेषण : सहीचा अधिकार दुसऱ्याला द्यायचा तर कसा? राणी प्रभावतीगुप्ताच्या मुद्रेतून समजून घ्या...

ग्रामपंचायतीच्या कपाटात पेन ड्राइव्हसारखे दिसणारे एक छोटे उपकरण असते. बोलीभाषेत त्याला डोंगल म्हणतात. त्यात सरपंचांच्या डिजिटल सहीची किल्ली असते आणि ती वापरायची तर पिन टाकावा लागतो. वित्त आयोगाच्या निधीतून नळाचे, रस्त्याचे किंवा शाळा दुरुस्तीचे बिल काढायचे झाले, की ई-ग्रामस्वराज प्रणालीवर ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक) आणि सरपंच अशा दोघांच्या डिजिटल सह्या लागतात. पण सरपंच शेतात, ऑपरेटर कार्यालयात आणि पिन मात्र वहीच्या मागच्या पानावर, असे झाले तर? सरपंच महिला असेल आणि डोंगल तिच्या पतीच्या खिशात असेल तर?

बिलात गडबड निघाली की चौकशीत नाव येते ते ज्याच्या नावाने सही झाली त्याचे. मग अधिकार दुसऱ्याकडे सोपवायचाच नाही का? सोपवता येतो, पण त्याची पद्धत आहे. ही पद्धत समजून घ्यायला सोळाशे वर्षे मागे जाऊ. विदर्भातल्या एका राणीपुढे नेमका हाच पेच होता. तिचे नाव प्रभावतीगुप्ता.

कोण होती प्रभावतीगुप्ता?

प्रभावतीगुप्ता ही गुप्त सम्राट दुसरा चंद्रगुप्त आणि नाग कुळातील राणी कुबेरनागा यांची मुलगी. तिचा विवाह विदर्भातील वाकाटक घराण्यातील दुसरा रुद्रसेन याच्याशी झाला. त्या काळी उत्तरेत गुप्त आणि दख्खनमध्ये वाकाटक ही दोन मोठी सत्ताकेंद्रे होती. त्यामुळे या विवाहाला राजकीय महत्त्व होते. तिचा काळ इसवी सनाच्या चौथ्या शतकाचा शेवट आणि पाचव्या शतकाचा पूर्वार्ध.

रुद्रसेनाची कारकीर्द थोडी ठरली. त्याचा मृत्यू झाला तेव्हा मुले लहान होती. थोरला दिवाकरसेन हा युवराज. राज्याची राजधानी होती नंदिवर्धन, म्हणजे आजच्या नागपूर जिल्ह्यातील रामटेकजवळचे नगरधन. राज्यकारभार राणीने हाती घेतला आणि तो किमान तेरा वर्षे सांभाळला. हे आपल्याला कळते ते तिने दिलेल्या ताम्रपटांवरून.

वाशिमचा इथे काय संबंध?

वाकाटकांच्या दोन मुख्य शाखा होत्या. सम्राट पहिला प्रवरसेन याच्यानंतर राज्याची वाटणी झाली. एक शाखा नंदिवर्धनला राहिली. दुसरी शाखा सर्वसेनाने वत्सगुल्म येथे स्थापन केली. वत्सगुल्म म्हणजेच आजचे वाशिम.

या दुसऱ्या शाखेचे अस्तित्व इतिहासकारांना नीट कळले तेही एका ताम्रपटामुळे. १९३९ मध्ये वाशिम येथे दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट उजेडात आला. त्याच्या कारकिर्दीच्या ३७ व्या वर्षी वत्सगुल्महून दिलेले हे दानपत्र आहे. वंशावळीचा भाग संस्कृतमध्ये आणि प्रत्यक्ष दानाचा मजकूर प्राकृतमध्ये आहे. त्यामुळे अजिंठ्याच्या शिलालेखातील काही राजांची नावे आणि त्यांचा क्रम लावणे सोपे झाले. एका अस्सल, अधिकृत दस्तऐवजाने दीड हजार वर्षांनंतर एका राजघराण्याची साक्ष दिली.

राजा नाही, राज्य आहे. मग हुकूम कोणाच्या नावाने?

समजा, राणीला एका विद्वानाला गाव दान द्यायचे आहे. असे दान म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या चालणारा हक्क. त्याचा दस्तऐवज कापडावर किंवा तांब्याच्या पत्र्यावर लिहून त्यावर राजाने स्वतःची मुद्रा उमटवावी, असा याज्ञवल्क्य स्मृतीत नियम आहे. पण इथे राजाच नाही. युवराज अल्पवयीन आहे.

राणीपुढे तीन वाटा होत्या. एक, मृत पतीची मुद्रा वापरत राहायचे. दोन, मुलाच्या नावाची मुद्रा बनवून ती आपणच उमटवायची. तीन, स्वतःच्या नात्याने आणि स्वतःच्या मुद्रेने हुकूम काढायचा, पण हा अधिकार आपल्याला कुठून मिळाला ते त्यावर स्पष्ट सांगायचे.

पहिल्या दोन्ही वाटा सोप्या होत्या. गावातल्या कुटुंबप्रमुखांना आणि अधिकाऱ्यांना ओळखीचीच मुद्रा दिसली असती. राणीने तिसरी वाट निवडली.

मुद्रेवर नेमके काय होते?

पुणे ताम्रपट या नावाने ओळखले जाणारे तिचे दानपत्र तेराव्या वर्षी कार्तिक शुद्ध द्वादशीला नंदिवर्धनहून दिलेले आहे. त्यात चनालस्वामी नावाच्या आचार्यांना दंगुण हे गाव दिले आहे. हे गाव अभ्यासकांच्या मते आजच्या हिंगणघाट परिसरातले.

वाकाटकांच्या मुद्रेवर चार चरणांचा एक ठरावीक संस्कृत श्लोक असे. हा हुकूम वंशपरंपरेने राज्य मिळालेल्या अमुक राजाचा आहे आणि तो शत्रूंवरही चालतो, असा त्याचा आशय. राजा बदलला की त्यातले नाव बदलायचे, साचा तोच. आजच्या भाषेत सांगायचे तर हे एक प्रमाणित फॉर्मॅट होते.

प्रभावतीगुप्ताने साचा तोच ठेवला. फक्त राजाच्या नावाच्या जागी हा हुकूम युवराजाच्या आईचा आहे, असे कोरून घेतले. मुद्रा वाचणाऱ्याला एका ओळीत तीन गोष्टी कळत होत्या. राज्य वाकाटकांचे आहे. गादीचा हक्क युवराजाचा आहे. आणि आज हुकूम काढणारी व्यक्ती त्याची आई आहे. कोणाचा अधिकार आणि कोणाची सही, यात गल्लत नव्हती.

ताम्रपटाच्या मजकुरात तिने आपली ओळखही सविस्तर दिली. त्यात सासरच्या वंशावळीऐवजी माहेरच्या गुप्त घराण्याची वंशावळ आहे. घटोत्कच, पहिला चंद्रगुप्त, समुद्रगुप्त, दुसरा चंद्रगुप्त आणि मग ती स्वतः. विवाहानंतरही तिने वडिलांचे धारण हे गोत्र सांगितले आहे. वाकाटक दरबारावर गुप्तांचा किती प्रभाव होता, याची चर्चा इतिहासकार यावरूनच करतात.

इंजिनीअरिंगला क्रिप्टोग्राफी शिकलेल्यांना इथे एक ओळखीची गोष्ट दिसेल. डिजिटल प्रमाणपत्रालाही अशीच वंशावळ असते. तुमच्या प्रमाणपत्रावर परवानाधारक प्रमाणन संस्थेची सही असते आणि त्या संस्थेच्या प्रमाणपत्रावर केंद्र सरकारच्या प्रमाणन प्राधिकरण नियंत्रकाची. ही साखळी मुळापर्यंत जुळली तरच सही खरी मानली जाते.

ताम्रपटाची सुरक्षा कशी होती?

ताम्रपटाचे पत्रे एका बाजूला भोक पाडून कडीत ओवलेले असत आणि त्या कडीला मुद्रा जोडलेली असे. मधला पत्रा काढून दुसरा घालायचा तर कडी तोडावी लागे. मजकुराशी छेडछाड झाली की ते दिसावे, हा उद्देश. लेखनिकाचे नावही नोंदवले जाई. पुणे ताम्रपटात ते चक्रदास असे आहे. अनेक ताम्रपटांत हुकूम पोहोचवणाऱ्या दूतकाचेही नाव असते. म्हणजे कोणी दिले, कोणी लिहिले, कोणी पोहोचवले, याची नोंद दस्तऐवजातच.

पण यात एक त्रुटी होती. मुद्रेचा ठसा सगळ्यांना दिसतो. ठसा पाहून कुशल कारागीर तशीच मुद्रा बनवू शकतो. बनावट राजशासन करणाऱ्याला मनुस्मृतीत मृत्युदंड सांगितला आहे. असे प्रकार घडत असल्याशिवाय इतकी कडक शिक्षा लिहिली जात नाही.

त्याचा पुरावाही आहे. उत्तर प्रदेशातील मधुबन येथे सापडलेला सम्राट हर्षवर्धनाचा ताम्रपट इसवी सन ६३१ चा. वामरथ्य नावाचा माणूस बनावट ताम्रपटाच्या आधारे एक गाव उपभोगत होता. हर्षाने तो ताम्रपट मोडून टाकला, गाव काढून घेतले आणि दुसऱ्यांना दिले. प्रमाणपत्र रद्द करण्याचे हे जुने उदाहरण म्हणायला हरकत नाही.

डिजिटल सही वेगळी कशी?

डिजिटल सही म्हणजे सहीचा स्कॅन केलेला फोटो नाही. हा गैरसमज आजही मोठा आहे. डिजिटल सहीत किल्ल्यांची जोडी असते. एक खासगी किल्ली, जी फक्त डोंगलच्या आत असते. दुसरी सार्वजनिक किल्ली, जी प्रमाणपत्रात सगळ्यांना उघड दिलेली असते.

सही करताना आधी दस्तऐवजाचा गणिती सारांश काढला जातो. त्याला हॅश म्हणतात. एसएचए-२५६ या पद्धतीत दस्तऐवज एक पानाचा असो की हजार पानांचा, हॅश २५६ बिटचाच येतो. मजकुरातला एक स्वल्पविराम बदलला तरी हॅश पूर्ण बदलतो. या हॅशवर खासगी किल्लीने गणिती प्रक्रिया होते आणि सही तयार होते. समोरचा माणूस सार्वजनिक किल्लीने ती तपासतो.

ताम्रपटाची त्रुटी इथे भरून निघते. सही कितीही वेळा पाहिली, तरी तिच्यावरून खासगी किल्ली काढता येत नाही. शिवाय प्रत्येक दस्तऐवजाची सही वेगळी असल्याने एका बिलावरची सही उचलून दुसऱ्या बिलावर चिकटवता येत नाही. १ मे २०१८ पासून राज्यात डिजिटल सहीचा सातबारा ऑनलाइन मिळतो, तो याच तत्त्वावर.

मात्र किल्लीच दुसऱ्याच्या हातात दिली तर हे सगळे गणित निरुपयोगी ठरते. पिन कोणी टाकला हे डोंगलला कळत नाही.

अधिकार सोपवण्याचे तीन मार्ग कोणते?

संगणकशास्त्रात या प्रश्नावर स्वतंत्र संशोधन झाले आहे. १९९६ मध्ये मांबो, उसुदा आणि ओकामोतो या जपानी संशोधकांनी प्रतिनिधी सहीची संकल्पना मांडली. त्यात तीन प्रकार सांगितले.

१. पूर्ण हवाला : मूळ मालक आपली खासगी किल्लीच दुसऱ्याला देतो. दोघांच्या सह्या हुबेहूब सारख्या येतात. कोणी केली ते कधीच सिद्ध करता येत नाही.

२. अंशतः हवाला : मूळ किल्लीपासून गणिताने एक वेगळी किल्ली तयार करून प्रतिनिधीला दिली जाते. तिच्यावरून मूळ किल्ली काढता येत नाही आणि प्रतिनिधीची सही वेगळी ओळखू येते.

३. अधिकारपत्रासह हवाला : मूळ मालक एका अधिकारपत्रावर सही करतो. कोणाला, कोणत्या कामासाठी, किती मुदतीसाठी अधिकार दिला ते त्यात लिहिलेले असते. प्रतिनिधी स्वतःच्या किल्लीने सही करतो आणि सोबत ते अधिकारपत्र जोडतो.

कपाटातले डोंगल आणि वहीतला पिन हा पहिला प्रकार आहे. प्रभावतीगुप्ताने केले ते तिसऱ्या प्रकाराच्या जवळ जाते. स्वतःची मुद्रा, आणि अधिकार कुठून आला त्याचा उल्लेख मुद्रेवरच.

वत्सगुल्मच्या राजाने काय केले?

नंतरच्या काळात वाशिमच्या शाखेतही अधिकार सोपवण्याचे ठळक उदाहरण दिसते. वत्सगुल्मचा राजा देवसेन याने राज्याचा भार हस्तिभोज या मंत्र्यावर टाकला आणि स्वतः सुखोपभोगात रमला, असे अजिंठ्याच्या लेणी क्रमांक १६ मधील शिलालेख सांगतो. हा लेख कोरवून घेणारा वराहदेव हा हस्तिभोजाचाच मुलगा. तेव्हा वडिलांचे कौतुक त्यात असणारच, हे लक्षात घेऊन तो वाचावा लागतो.

पण याच देवसेनाच्या काळातला आणखी एक लेख वाशिम जिल्ह्यातील हिस्से-बोराळा येथे आहे. देवसेनाच्या आज्ञेत असलेल्या स्वामिल्लदेवाने सुदर्शन नावाचे तळे बांधवल्याची नोंद त्यात आहे आणि शके ३८० हे वर्षही दिले आहे. राजा कोण, काम करणारा कोण, काम कोणते, केव्हाचे, हे चारही मुद्दे दगडावर आहेत. एखाद्या तळ्याच्या कामाचा हिशेब आजही याच चार प्रश्नांवर तपासला जातो.

मुले मोठी झाल्यावर राणीने काय केले?

सोपवलेला अधिकार परत देण्याची वेळ आली की खरी परीक्षा असते. थोरला दिवाकरसेन राजा झाल्याचा पुरावा मिळत नाही. नंतरच्या लेखात राणी स्वतःला दामोदरसेन आणि प्रवरसेन या महाराजांची आई म्हणवते, त्यावरून दिवाकरसेनाचा अकाली मृत्यू झाला असावा, असे अभ्यासक मानतात. पती गेला, मग ज्याच्या नावाने तेरा वर्षे राज्य राखले तो मुलगाही गेला.

पुढे दुसरा प्रवरसेन गादीवर आला. सेतुबंध हे प्राकृत महाकाव्य त्याच्या नावावर आहे. त्याच्या काळात राजधानी प्रवरपूरला गेली. राणी हयात होती, दानेही देत होती. अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर येथे मिळालेला तिचा ताम्रपट रामगिरी, म्हणजे रामटेक येथून दिलेला आहे. पण त्यावरचे वर्ष पाहण्यासारखे आहे. ते प्रवरसेनाच्या कारकिर्दीचे १९ वे वर्ष आहे. राजमाता स्वतःच्या नावाने दान देते, पण कालगणना राजा झालेल्या मुलाची वापरते. अधिकाराची मुदत संपली होती आणि दस्तऐवजात ते दिसत होते.

आज कायदा काय सांगतो?

माहिती तंत्रज्ञान कायदा २००० ने डिजिटल सहीला कायदेशीर मान्यता दिली. याच कायद्याच्या कलम ४२ नुसार खासगी किल्ली स्वतःच्या ताब्यात ठेवण्याची योग्य ती काळजी प्रमाणपत्रधारकाने घ्यायची असते. किल्ली दुसऱ्याच्या हाती लागली तर विनाविलंब प्रमाणन संस्थेला कळवायचे असते. कळवेपर्यंतची जबाबदारी धारकाचीच राहते. दुसऱ्याची इलेक्ट्रॉनिक सही किंवा पासवर्ड अप्रामाणिकपणे वापरला तर कलम ६६ सी नुसार तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

म्हणजे डोंगल घरच्या माणसाला किंवा ऑपरेटरला दिले, हा बचाव म्हणून फारसा उपयोगी पडत नाही. उलट ती निष्काळजीपणाची कबुली ठरू शकते.

सरपंचांनी आणि कार्यालयांनी काय करावे?

- डोंगल आणि पिन एकाच ठिकाणी ठेवू नका. पिन कोणालाही सांगू नका, वहीत लिहू नका. सुरुवातीला मिळालेला पिन लगेच बदला.

- तुमच्या गैरहजेरीत दुसऱ्याने काम पाहायचे असेल, तर त्याच्या स्वतःच्या नावाचे प्रमाणपत्र असावे. सरपंचांच्या अनुपस्थितीत उपसरपंचांनी काम पाहण्याची तरतूद कायद्यात आहे. त्यासाठी सरपंचांचे डोंगल वापरण्याची गरज नाही.

- अधिकार लेखी द्या. कोणते काम, किती रकमेपर्यंत, कोणत्या तारखेपर्यंत, हे स्पष्ट हवे.

- दोन सह्यांची अट असते ती दोन माणसांनी बिल तपासावे म्हणून. दोन्ही डोंगल एकाच संगणकाला लावून एकाच माणसाने दोन्ही पिन टाकले, तर ती अट कागदावरच राहते.

- पद सुटले, बदली झाली किंवा डोंगल हरवले, की प्रमाणपत्र रद्द करून घ्या आणि संबंधित प्रणालीवरची नोंदणीही काढून टाका. प्रमाणपत्राची मुदत जास्तीत जास्त तीन वर्षांची आणि ग्रामपंचायतीची पाच वर्षांची असते. त्यामुळे पद गेले तरी प्रमाणपत्र चालू आहे, असे होऊ शकते. रद्द करण्यापूर्वी योग्य रीतीने केलेल्या सह्या मात्र वैधच राहतात.

महिला सरपंचांसाठी हा मुद्दा महत्त्वाचा का?

महाराष्ट्रात २०११ पासून स्थानिक स्वराज्य संस्थांत महिलांना ५० टक्के आरक्षण आहे. वाशिमच्या सहाही तालुक्यांत महिला सरपंच काम करतात. सभेत खुर्ची तिची, पण डोंगल पतीकडे असेल, तर निर्णय पतीचा आणि जबाबदारी तिची, असा उलटा हिशेब होतो. अपात्रतेची किंवा वसुलीची नोटीस येते ती तिच्या नावाने. त्यामुळे महिला सरपंचाने पहिल्या आठवड्यात शिकायची गोष्ट म्हणजे स्वतः डोंगल लावणे, बिल वाचणे आणि स्वतः पिन टाकणे. हे काम अर्ध्या तासात शिकता येते.

प्रभावतीगुप्ताकडे सत्तेवर नाव कोरणारी मुद्रा होती आणि ती तिने दुसऱ्याच्या नावाआड लपवली नाही. राज्य पुरातत्त्व विभाग आणि डेक्कन कॉलेज यांनी २०१५ ते २०१८ दरम्यान नगरधन येथे केलेल्या उत्खननात मातीचा एक लहानसा अंडाकृती ठसा सापडला. त्याचे वजन साडेसहा ग्रॅमही नाही. त्यावर शंखाची आकृती आहे आणि ब्राह्मी लिपीत राणीचे स्वतःचे नाव.